तो डॅश वाय माझा होता

२०२४च्या भाऊबीजेला आम्ही सगळे धुळ्याला ताईकडे जमलो होतो. शेवभाजी ओरपून झाली होती, जो तो जागा मिळेल तिथे लवंडला होता, आणि कुठून तरी विषय निघाला भाचीच्या लॅपटॉपचा. दाजी हसत हसत म्हणाले, "आमच्या बाईसाहेबांनी मार्चमध्ये एका रात्रीत लॅपटॉप झोपवला होता. न वाचता एंटर दाबते ना!" सगळे हसले. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना लिनक्सपायी पोर रातभर जागी ऱ्हायनी, भाऊ." पुन्हा हशा. भाची काही बोलली नाही, ताटं उचलून आत गेली.

मीही हसलो होतो. हे लिहायला बसलोय ते त्या हसण्यामुळे. घरचे बरेच जण इथे येऊन वाचतात, आणि घरात अजून "पोरीने लॅपटॉप बिघडवला" हीच गोष्ट चालू आहे. ती खरी नाही.

आता थोडं नमनाचं तेल. ज्यांना लिनक्स ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल गाळावेत.

भाचीचा लॅपटॉप जुना, हातबदलीचा. त्यावर मी उबुंटू टाकून दिलं होतं. उबुंटू उभं आहे डेबियनवर, जे इयन मर्डॉकने १९९३ साली सुरू केलं. त्यात नवीन सॉफ्टवेअर टाकायचं तर वेबसाइटवरून फाइल शोधत हिंडावं लागत नाही. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, आणि एपीटी नावाचा प्रोग्रॅम कामाला लागतो. हा १९९८पासूनचा. तुम्ही एक वस्तू मागता, तो तिच्यासोबत लागणारं सगळं हुडकतो. म्हणजे दुकानात भरताची वांगी मागावीत आणि दुकानदाराने मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आपणहून काढून ठेवावी, तसं.

पण हा दुकानदार सभ्य आहे. पिशवी भरायच्या आधी तो यादी वाचून दाखवतो. अमुक इतकी नवी पॅकेजेस येतील, इतके एमबी उतरवावे लागतील, डिस्कवर इतकी जागा जाईल. आणि मग विचारतो: पुढे जाऊ का? कंसात दोन अक्षरं असतात, वाय आणि एन. वाय मोठा, एन छोटा. मोठ्याचा अर्थ असा की नुसतं एंटर दाबलंत तर 'हो' धरलं जाईल. एन लिहिलंत तर तो निमूट थांबतो, "रद्द" एवढं सांगतो आणि काहीही न बदलता निघून जातो. या संदेशांचं मराठी भाषांतरही एपीटीमध्ये कित्येक वर्षांपासून आहे, पण आपण मराठी माणसं मशीन इंग्रजीतच ठेवतो. असो, तो वेगळ्या रडगाण्याचा विषय.

तर मार्चमध्ये काय झालं?

भाची गणितात एम.एस्सी. करत होती. प्रकल्पाचा अहवाल लेटेकमध्ये हवा, असं तिच्या सरांनी सांगितलं. (गणितवाल्यांचं हे लाडकं. समीकरणं देखणी उमटतात, म्हणून बाकीचे सगळे हाल सोसतात.) तिने मला जळगावला फोन केला, "मामा, लेटेक कसं टाकायचं?" मी ऑफिसात, घाईत. म्हटलं व्हॉट्सअॅपवर ओळ पाठवतो, ती जशीच्या तशी चिकटव. पाठवली. 'टेक्सलाइव्ह फुल' नावाचं पॅकेज. नावातच 'फुल' आहे. जगातल्या झाडून सगळ्या भाषांचे, सगळ्या विषयांचे लेटेकचे तुकडे त्यात येतात. काही जीबी उतरवायचे आणि उलगडले की डिस्कवर त्याहून बरेच जास्त. तिला लागणार होता त्याचा फार तर दहावा हिस्सा. पण कोणता हिस्सा ते शोधायला मला पाच मिनिटं लागली असती.

पहिल्या रात्री दहाला फोन. "मामा, हे संपतच नाहीये, आणि माझा दिवसाचा दीड जीबी संपला. थांबवू कसं?" मी म्हटलं, कंट्रोल-सी दाब. दाबलं. थांबलं. दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा चिकटवली तर गडी जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू! उतरलेल्या फाइली त्याने जपून ठेवल्या होत्या, अर्धवट राहिलेली एक फाइल 'पार्शल' नावाच्या वेगळ्या कप्प्यात. भाची खूश, मी तर फारच खूश. ताईचा आणि दाजींचा असा दोघांचाही डेटा खर्ची घालून दुसऱ्या रात्रीपर्यंत सगळं उतरलं.

दुसऱ्या रात्री अकराला पुन्हा फोन. "मामा, एका जागी अडकलंय. अर्धा तास झाला हलत नाहीये. उद्या साडेअकराला अहवाल द्यायचाय." मी जेवून आडवा झालो होतो. काय दिसतंय, कुठवर आलंय, काही विचारलं नाही. काल चाललं होतं ना? "कंट्रोल-सी दाब." दाबलं, काही होईना. परत दाबलं. ढिम्म. मग मी ते म्हणालो जे माझ्या तोंडून कधी निघायला नको होतं.

"बटण दाबून धर आणि बंदच कर."

काल आणि आज यात काय फरक होता ते सांगतो. एपीटीच्या कामाचे टप्पे असतात. आधी हिशोब, मग प्रश्न, मग फाइली उतरवणं. इथपर्यंत तुमच्या मशीनमध्ये काहीही बदललेलं नसतं, माल नुसता दारात येऊन पडलेला असतो. कधीही थांबा, काही बिघडत नाही. त्यानंतर एपीटी बाजूला होतो आणि डीपीकेजी नावाचा दुसरा प्रोग्रॅम सूत्रं घेतो. तो पॅकेजं उलगडतो, फाइली जागच्या जागी ठेवतो आणि मग एकेकाची घडी बसवतो. प्रत्येक पॅकेजची अवस्था तो वहीत लिहीत असतो: अर्धं टाकलेलं, उलगडलेलं, अर्धी घडी बसलेलं, पूर्ण. या टप्प्यात कंट्रोल-सी लगेच मानलं जाईलच असं नाही, आणि न मानण्यात शहाणपण असतं. अशा वेळी वीजच तोडली तर वहीतली नोंद एक आणि डिस्कवरची वस्तुस्थिती दुसरी, असं होऊ शकतं.

आमचं मूळ गाव यावल तालुक्यातलं, केळीचं. तिथल्या कुणालाही हे एका वाक्यात कळेल. व्यापारी बागेत आला, घड पाहिले, भाव ठरला, तोवर दोघांपैकी कुणीही 'नाही' म्हणू शकतो. फार तर एक चहा वाया जातो. पण घड एकदा कापला की तो झाडाला परत लागत नाही. कापणी अर्ध्यात असताना "राहू द्या, नको" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. :) तिथे एकच रस्ता उरतो. कापलेलं आधी उचला, गाडी भरा आणि मग काय वाद घालायचा तो घाला. सॉफ्टवेअरचंही तेच. उलगडायला लागलं की नको असलं तरी पूर्ण होऊ द्यायचं, आणि मग रीतसर काढून टाकायचं. काढायची आज्ञा वेगळी आहे, ती चांगली चालते.

हे सगळं मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं ठाऊक होतं. ठाऊक असलेला माणूस गादीवर आडवा पडून सल्ला देतो तेव्हा ठाऊक असण्याचा उपयोग शून्य.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला हे नशीब. पण आता काहीच टाकता येईना. प्रत्येक वेळी एकच निरोप: डीपीकेजीचं काम मध्येच तुटलंय, आधी ते हाताने पुरं करा. आज्ञाही तोच सांगतो, बिचारा. मी जळगावात, ती धुळ्यात, मध्ये एरंडोल-पारोळ्याचे नव्वदेक किलोमीटर आणि रात्रीचे बारा. मग फोनवर अक्षरलेखन सुरू झालं. "डी धुळ्याचा, पी पारोळ्याचा, के कासोद्याचा, जी गिरणेचा. मग जागा सोड. मग दोन डॅश, चिकटून. मग कॉन्फिगर. मग जागा. एक डॅश, ए." तिकडून ताईचा आवाज, "एवढ्या रात्री गावांची नावं काय घेताय?"

काम सुरू झालं आणि बरोबर त्याच जागी येऊन परत अडकलं! 'कॉन्टेक्स्ट' नावाचा एक भाग आहे, तिथे "याला थोडा वेळ लागेल" असं लिहून तो बसतो. आता मात्र मी उठून शोधलं. जगभरचे लोक नेमके त्याच ओळीपाशी अडकलेले सापडले. उपाय? चार-पाच वेळा एंटर दाबा. बस्स. भाचीने दाबलं आणि गाडी हलली. म्हणजे आदल्या फोनवेळी मी फक्त "कोणती ओळ दिसतेय ती वाच" एवढं म्हटलं असतं तर पंधरा मिनिटांत झोपलो असतो दोघं.

पावणेदोनला सगळं बसलं. ती चारपर्यंत अहवाल बांधत बसली. साडेअकराला दिला. वाचून बघायला वेळ मिळाला नाही, एका प्रकरणातल्या आकृत्यांचे क्रमांक उलटसुलट राहिले आणि तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न आले.

आता खरी लाजेची गोष्ट. पावणेदोनला फोन ठेवण्याआधी मी तिला सुनावलं. "एंटर दाबायच्या आधी वाचायला काय होतं गं तुला? एवढे जीबी लागणार हे तिथे लिहिलेलं असतं. एन दाबून मला विचारायचं."

ती म्हणाली, "मामा, त्याने काही विचारलंच नाही."

मी म्हटलं, "विचारतंच. तू बघितलं नसशील."

ती गप्प झाली. मी ते गप्प बसणं कबुली समजलो. दुसऱ्या दिवशी ताईला फोनवर हेच सांगितलं, ताईने दाजींना, आणि तिथून ती गोष्ट घराण्यात रुजू झाली.

भाऊबीजेच्या त्या दुपारी सगळे डुलक्या घेत असताना मी तिचा लॅपटॉप उघडला. डिस्क भरत आली होती, टेक्सलाइव्हचा पसारा काढून देतो म्हणालो होतो. (इथे एक गंमत. 'फुल' पॅकेज काढायला सांगितलं तर मोकळी होते जेमतेम काही केबी जागा. कारण ते स्वतः रिकामं, नुसती यादी. यादी फाडली म्हणून सामान घराबाहेर जात नाही. त्यासाठी 'ऑटोरिमूव्ह' म्हणावं लागतं, आणि तेव्हाही दाखवलेली यादी नीट वाचावी लागते.) एपीटी आपल्या कामाची रोजनिशी ठेवतो. कधी, कोणत्या आज्ञेने, काय आणलं, काय काढलं. जुने महिने गुंडाळून बाजूला ठेवतो, पण वर्षभर फेकत नाही. मार्चचं पान उघडलं. तारीख, वेळ आणि आज्ञा अक्षरशः जशी लिहिली तशी. एपीटी, इन्स्टॉल, डॅश वाय, टेक्सलाइव्ह फुल.

डॅश वाय.

याचा अर्थ, "जे काय विचारशील त्याला माझं उत्तर हो आहे, विचारत बसू नकोस." ती ओळ मी पाठवलेली होती. ती जशीच्या तशी चिकटव, असं मीच सांगितलं होतं. तिने तसंच केलं. प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. तिच्या वतीने मी आधीच 'हो' म्हणून मोकळा झालो होतो, जळगावातून.

ही सवय कुठून आली तेही सांगतो, सबब म्हणून नाही. २००६-०७ च्या सुमारास मी जळगावात एका कॉम्प्युटर लॅबचं बघायचो. तेव्हाचं भारनियमन आठवतंय ना? तासन्‌तास वीज नाही, आणि वेळापत्रकही पाळलं जाईल याची खात्री नाही. वीस मशीन, टपालाने फुकट आलेल्या उबुंटूच्या सीडी (त्या २०११पर्यंत मिळायच्या), आणि मोडक्या बॅटरीचा यूपीएस. वीज जायच्या आत वीसही मशीन उरकायच्या. प्रत्येकापुढे जाऊन वाय दाबायला वेळ कुणाला? डॅश वाय लिहायचं आणि पुढच्या खुर्चीवर. तिथे ते ठीक होतं. वीसही मशीनवर काय येणार ते मला पाठ होतं आणि बिघडलं तर निस्तरणारा मीच होतो. ती सवय बोटांत राहिली. मग मी ती बोटांतून दुसऱ्याच्या मशीनवर पाठवू लागलो. मी एकटाच नाही, 'कसं टाकायचं' सांगणारे कितीतरी लेख उघडून बघा, ओळीत डॅश वाय बिनदिक्कत असतो. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. स्वतःच्या मशीनवर काय वाटेल ते करा. पण दुसऱ्याला लिहून देताना तो वाय त्याचा आहे, तो त्याच्यासाठी सोडा.

याला लोक म्हणतील, विचारलं असतं तरी पोरीने एंटरच दाबलं असतं! कोण वाचतं?

दाबलंही असतं कदाचित. मोठमोठे दाबतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध कॅनेडियन यूट्यूबवाल्याने पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजांच्या गुंत्यामुळे एपीटीने ठरवलं की त्यासाठी अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल. त्याने इशारा दिला, यादी दिली, आणि नुसत्या वायवर न भागवता एक आख्खं वाक्य टाइप करायला लावलं, ज्याचा मराठीत अर्थ होईल "हो, मी सांगतो तसं कर!" गड्याने ते टाइप केलं. डेस्कटॉप गेला. लाखो लोकांनी पाहिलं आणि बरेच जण म्हणाले, वाचता येत नाही का याला?

मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. एपीटी बनवणाऱ्यांनी "इशारा दिला होता ना, तुमचं तुम्ही बघा" असं म्हणून हात झटकले नाहीत. त्याच महिन्यात आलेल्या आवृत्तीत त्यांनी बदल केला: अत्यावश्यक पॅकेजं काढण्याचा मार्ग एपीटी स्वतःहून सुचवणारच नाही. ते वाक्य टाइप करण्याची सोयही गेली, खरंच काढायचं असेल तर आधीच वेगळं सांगावं लागतं. एका माणसाने मूर्खपणा केला, त्यात आपला वाटा किती हे त्यांनी तपासलं. मी मात्र आठ महिने भाचीला दोष देत होतो, आणि तपासायला एक फाइल उघडायची होती.

जाता जाता, एपीटीचा एक भाऊबंद आहे अॅप्टिट्यूड. त्याच्यात तुम्ही काही पॅकेजं टाकायची म्हणून खूण केलीत आणि काम न करताच बाहेर पडलात, तर तो ती खूण विसरत नाही. पुढच्या वेळी भलतंच काही सांगितलंत की म्हणतो, ते मागचं राहिलंय, तेही करतो. त्याला "किप ऑल" असं सांगावं लागतं, म्हणजे सगळे बेत रद्द, आहे ते आहे तसं राहू दे. आमच्या एका काकांची आठवण येते. ते घरात नुसतं "बघू" म्हणालेलं वर्षभराने कबूल केलं म्हणून धरायचे. काका वाचत असतील तर नमस्कार. :)

तर त्या दुपारी मी भाचीला हाक मारली आणि ती ओळ दाखवली. म्हटलं, बघ, हा डॅश वाय. तुला विचारलंच नव्हतं. तू बरोबर होतीस.

ती म्हणाली, "मला माहितीये मामा. परीक्षा झाल्यावर मी बघितलं होतं डॅश वाय म्हणजे काय ते. तुमचा मेसेज आहे ना फोनमध्ये."

"मग बोलली का नाहीस?"

खांदे उडवले तिने. "तुम्ही रात्री दोनपर्यंत जागले होते ना माझ्यासाठी."

यावर काय बोलणार? पसारा आवरून दिला आणि संध्याकाळच्या एसटीने जळगावला आलो. पारोळा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

ताई, दाजी, आणि बाकी सगळे: लॅपटॉप तिने बिघडवला नव्हता. ओळ माझी, वाय माझा, बटण दाबून धरायला सांगणाराही मीच. पुढच्या दिवाळीला विषय निघाला तर नाव नीट घ्या.

परवा तिचा एक स्क्रीनशॉट आला. मी तिला काहीतरी टाकायला सांगितलं होतं, या वेळी डॅश वाय न लावता. काळी खिडकी, लांबलचक यादी, तो प्रश्न, समोर छोटा एन आणि खाली "रद्द". मी विचारलं, "का गं?"

"सहाशे एमबी मागत होतं मामा. एवढं कशाला लागतंय ते आधी सांगा."

बघतोय अजून. खरं तर एवढं लागायला नको.